फेवझिये येंगे खुर्चीवर बसली

आमच्या मोहल्ल्यात कुणाचं काही ठरलं, की पहिला निरोप फेवझिये येंगेला जायचा, इमामांना मागाहून. कुणाचा मुलगा सैन्यात निघाला, बोलवा येंगेला. कुणी हजहून परतलं, बोलवा येंगेला. माणूस मेला, तरी त्याला तळणीचा वास पोचायला हवा म्हणून कढई चढायची, आणि कढईपुढं उभी कोण? येंगेच. येंगे म्हणजे भावाची बायको. नुसरेतची बायको म्हणून ती खरं तर एकट्या मेलाहत अब्लाची, त्याच्या थोरल्या बहिणीची वहिनी. पण एस्कीशेहेरमधल्या आमच्या अख्ख्या तातार मोहल्ल्यानं तिला परस्पर वहिनी करून टाकलं होतं. आणि हक्काच्या वहिनीला कुणी विचारत नाही, नुसतं सांगतात.

"येंगे, रविवारी वीस-पंचवीस माणसं होतील हं."

"कुणाकडं?"

"आमच्याकडंच की. तुझ्या हातचे चिबोरेक म्हटल्यावर कोण यायचं राहतंय?"

'तुझ्या हातचे.' हे दोन शब्द ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मी खालच्या मजल्यावर राहायची. लहानपणापासून त्या घरात माझं येणंजाणं. त्या बाईला पाय आहेत, ते संध्याकाळी सुजतात. तिला डोळे आहेत, तिलाही काही बघावंसं वाटतं. हे कुणाच्या गावीच नव्हतं. सगळ्यांना तिचा फक्त हात ठाऊक.

आल्पूकडच्या एका खेड्यात ती वाढली. बापाला मुलगा नव्हता, म्हणून ट्रॅक्टर तीच चालवायची. डोक्याला रुमाल बांधून, बीट भरलेली ट्रॉली घेऊन ती साखर कारखान्याच्या रांगेत उभी राहायची, आणि मागून कुणी भोंगा वाजवला तर खाली उतरून त्याच्या खिडकीशी जाऊन विचारायची, "काय रे, आग लागलीय का?" हे तिनंच मला सांगितलं, एकदा, कांदा चिरताना. ती मुलगी लग्न होऊन एस्कीशेहेरला आली, नुसरेत रेल्वेच्या कारखान्यात वेल्डर. आणि आठवड्याच्या आत सासूनं तिच्या हाती झारा दिला. पीठ किती, कांद्याला पाणी किती, मिठाची चिमूट केवढी, सगळं सासूनं मापून दाखवलं. "एवढं. याच्यावर कणभर नाही." सासू गेली, तरी येंगेनं ते माप ढळू दिलं नाही.

चिबोरेकची एक खोड आहे. तो वाट बघत नाही. करंजीसारखी घडी, पण ताटाच्या अर्ध्या आकाराची; पारी इतकी पातळ की पलीकडची बांगडी दिसावी; आत कच्चा खिमा, कांद्याच्या पाण्यानं सैल केलेला. तेलात पडला की टम्म फुगतो, आतल्या रसाला उकळी फुटते. कढईतून निघाला की लगेच तोंडात गेला पाहिजे, नाहीतर थोड्याच वेळात ओलं कातडं. आणि भरूनही ठेवता येत नाही. सारणाचं पाणी पारी ओली करतं, ती चिकटते, फाटते, कढईत फुटते. म्हणून एक लाटायचा, भरायचा, कातण्यानं कड कापायची, सोडायचा, काढायचा; तोवर दुसरा. खाणाऱ्यानं बसायचं, तळणाऱ्यानं उभं राहायचं. आणि तासनतास त्या वासात उभं राहिलेल्या बाईला शेवटी खावंसं वाटतच नाही. येंगे कढई उतरवून एक पेला चहा घ्यायची, पावाचा तुकडा मोडायची. "माझं वासानंच पोट भरतं गं." मी तिला चिबोरेक खाताना कधी पाहिलेलं नव्हतं.

थोरल्या मुलीच्या, नुरानच्या साखरपुड्याचं मी विसरणार नाही. आमच्यात दोन्ही अंगठ्या एका लाल फितीनं बांधलेल्या असतात. घरातलं वडीलधारं माणूस त्या दोघांच्या बोटांत घालतं आणि मग मधली फीत कापतं. कापली की ठरलं. तेव्हा येंगे म्हणाली होती, "फीत कापताना मला हाक मारा." मेलाहत अब्ला, नुसरेतची थोरली बहीण, म्हणाली, "तू तळ गं निवांत. मी मारते की हाक." येंगेनं कढईत तीन चिबोरेक सोडले होते, तेव्हा बाहेर टाळ्या झाल्या. ती झारा घेऊन तशीच धावली. बाहेर मिठाईचं तबक फिरत होतं.

"अगं बाई, विसरलेच!" मेलाहत अब्ला हसून म्हणाली. "पण फोटो काढलाय ना, त्यात बघ."

फोटोत सगळे आहेत. वरच्या मजल्यावरचा भाडेकरूसुद्धा आहे.

म्हणून धाकट्या इल्कायच्या वेळी येंगेनं आधीच जाहीर केलं. आधी फीत, मग कढई. नवऱ्याला सांगितलं, नणंदेला सांगितलं. नुसरेत वर्तमानपत्राआडून म्हणाला, "हो हो." आदल्या दिवशी ती खाली माझ्याकडं आली.

"सेनाय, उद्या अंगठ्यांचं तबक तू धरायचंस."

"मी? मेलाहत अब्लाची मुलगी धरणार ना?"

"ती गरीब गाय आहे. तुझं तोंड चुरुचुरु चालतं. कुणी घाई केली, तर होऊ द्यायची नाही. कळलं?"

मला कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं बाटलीच्या हिरव्या रंगाचा नवा पोशाख घातला, छातीवर मोत्यांचा ब्रोच, आणि अ‍ॅप्रन बांधलाच नाही. साध्या गोष्टीतून बाई किती बोलते! पाहुणे बुर्साहून आले. मुलगा ओक्ताय, त्याची आई पेरिहान हानम, म्हणजे पेरिहानबाई, आणि काठी टेकत आजोबा, रिफत बे, म्हणजे रिफतसाहेब. इल्कायनं कॉफी आणली. मुलाच्या कॉफीत मुलगी मीठ घालते, तो तोंड वाकडं न करता प्याला की पास. इल्कायनं हात आखडला नव्हता. ओक्तायनं कप एका दमात रिकामा केला. डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू.

"कशी झालीय?" इल्कायनं विचारलं.

"गोड," तो म्हणाला, आणि पाण्याचा पेला शोधू लागला.

खोली हसली. दारात उभी राहून येंगेही हसली. रिफत बेंनी अल्लाच्या आज्ञेनं नि पैगंबरांच्या वचनानं मुलगी मागितली, नुसरेतनं घसा खाकरून दिली. मी तबक आणायला उठले.

"थांब गं," मेलाहत अब्ला म्हणाली. "रिफत बेंना साखरेचा त्रास आहे, त्यांना वेळेवर खायला लागतं. आधी चिबोरेक होऊ देत. फीत काय पळून जातेय?"

"अब्ला, आपलं ठरलं होतं," येंगे म्हणाली.

"अगं, आजारी माणूस आहे! आणि मी तुझं काम निम्मं करून ठेवलंय. जाऊन बघ तरी."

येंगे आत गेली, मागोमाग मी. ओट्यावरचं मोठं ताट भरलेलं होतं. कच्चे, सारण भरलेले चिबोरेक, एकावर एक, दोन थर. खालच्यांना पाणी सुटायला लागलं होतं.

"अब्ला, हे काय केलंत?"

"मदत केली. वेळ वाचवला तुझा."

"हे भरून ठेवतात का कधी?"

"मग ठेवू नकोस ना, तळ! बाहेर माणसं बसलीत."

बुर्साच्या पेरिहान हानमनं हे केलं असतं, तर मी म्हटलं असतं, बिचारीला काय माहीत. पण मेलाहत अब्ला तातार आईच्या पोटची! चालायला लागायच्या आधी या बायका कातणं फिरवायला शिकतात. तिला पुरतं ठाऊक होतं, की भरलेलं ताट म्हणजे बेडी. आता येंगेला कढईपासून हलता येणार नव्हतं. हलली तर सगळं अन्न वाया, पाहुण्यांपुढं नाचक्की, आणि ती कुणाची? जिचा हात, तिची.

येंगेनं खुंटीवरचा अ‍ॅप्रन ओढला, हिरव्या पोशाखावर बांधला आणि गॅस मोठा केला. मलाच इतका संताप आला, की हातातला पेला फोडावा.

बाहेर पानं मांडली. लोणच्याचे बाऊल, खारट ताकाचा जग. पहिला चिबोरेक रिफत बेंना. पेरिहान हानमला दुसरा मिळाला, ती काटा-सुरी घेऊन सगळ्यांना वाढून व्हायची वाट बघत बसली.

"वाट बघू नका हो! हातानं! लगेच!" मेलाहत अब्ला ओरडली. पेरिहान हानमनं दचकून सुरी खुपसली, रसाची चिळकांडी उडाली ती थेट तिच्या रेशमी ओढणीवर.

"आता तुम्ही आमच्यातल्या झालात," नुसरेत म्हणाला. त्या दिवसात त्यानं केलेला तेवढाच विनोद.

ओक्तायनं एक घास खाल्ला, विचार केला, आणि टेबलावरच्या मिठाच्या बाटलीकडं हात नेला.

"अंहं, बेटा!" मेलाहत अब्लानं बाटली सरकवली. "आमच्या येंगेच्या हातच्या चिबोरेकवर वरून मीठ घालत नाहीत. अपमान होतो तो."

पोरानं हात मागं घेतला आणि लोणच्याचा मोठा तुकडा उचलला.

प्लेटी येत होत्या, रिकाम्या जात होत्या. आतून तेलाचा चर्र चर्र आवाज. दरवेळी मी आत गेले, की येंगे विचारायची, "तबक कुठाय?" मी म्हणायची, "कपाटावर. हात नाही लावला कुणी." ती मान हलवायची, आणखी एक सोडायची. खालच्या थरातले चिकटलेले चिबोरेक सुरीनं एकेक सोडवताना तिच्या मनगटावर तेल उडलं, तरी तिनं हात झटकलासुद्धा नाही.

पोट भरल्यावर रिफत बे काठीवर जोर देऊन उठले. "अंधाराच्या आत घाट उतरायचाय. आणा त्या अंगठ्या."

"येंगेला बोलावते," मी म्हटलं.

"मी मारलीय हाक," मेलाहत अब्ला म्हणाली. "येतेय ती. तू तबक आण."

तिनं हाक मारली नव्हती. मी तिच्या शेजारीच उभी होते! इतक्या सहज खोटं बोलायची माणसाला सवय लागते, आणि ती सवय घरातले सगळे मिळून लावतात. नुसरेतनंही ऐकलं होतं. त्यानं टायची गाठ ठीक केली.

अंगठ्या बोटांत गेल्या. इल्काय नि ओक्ताय समोरासमोर, मधे लाल फीत ताणलेली. इल्काय मान वळवून स्वयंपाकघराकडं बघत होती, पण जागची हलणार कशी? बांधलेलीच होती. रिफत बेंनी माझ्या तबकातली कात्री उचलली.

आता, आमच्यात तबक धरणाऱ्या मुलीचा एक हक्क असतो. ती म्हणते, "कात्री कापत नाही." मग मुलाकडच्यांनी तबकात काहीतरी टाकायचं, की कात्रीला धार येते. सगळे हसतात. मी म्हटलं, "कात्री कापत नाही!"

सगळे हसले. ओक्तायनं मोकळ्या हातानं खिशातून नोट काढून टाकली.

"अजून बोथट आहे."

पेरिहान हानमनं पर्स उघडली. पुन्हा हसू, जरा कमी.

"अजून बोथट."

आता कुणी हसलं नाही. मेलाहत अब्लानं बसल्या जागेवरून माझ्या कोपराला चिमटा काढला. "सेनाय, पुरे. हाव सुटलीय का?"

"पोरी," रिफत बे म्हणाले, "ही कात्री आहे की लाकूड?"

"बोथट आहे, आजोबा. बोथट म्हणजे बोथट." आणि मग मी छाती भरून श्वास घेतला आणि असा आवाज काढला, की रस्त्यावरच्या फळवाल्यानंही वर बघितलं असेल. "कात्री कापत नाही होऽऽ! आत कुणाला ऐकू येतंय का?"

चर्र चर्र थांबलं. गॅसचं बटण बंद झाल्याचा टक्कन आवाज आला.

येंगे दारात आली. कोपरापर्यंत पीठ, कपाळाला केस चिकटलेले, आणि दोन्ही हातांत ते उरलेल्या कच्च्या चिबोरेकचं ताट. ती कुणाकडं न बघता चालत मेलाहत अब्लापाशी आली आणि ताट तिच्या मांडीवर ठेवलं.

"अब्ला, तुम्ही भरलेत. तुम्ही तळा."

"अगं, काय हे! पाहुण्यांसमोर?"

"पाहुण्यांसमोरच. नुरानच्या वेळी पाहुण्यांसमोरच विसरलात ना?"

"फेवझिये," नुसरेत म्हणाला, "आत्ता नको."

"मग कधी? मला तिसरी मुलगी नाही."

मेलाहत अब्ला हसायला बघत होती. "मला कुठं गं जमतंय तुझ्यासारखं! तुझ्या हाताची सर..."

"हा हात?" येंगेनं दोन्ही हात तिच्या नाकापुढं धरले. जुने डाग, नवे डाग, मनगटावरचा ताजा लालभडक फोड. "हा हात आज मी माझ्या मांडीवर ठेवणार आहे."

तिनं अ‍ॅप्रन सोडला आणि ताटावर टाकला. भिंतीकडची एक खुर्ची ओढली, थेट फितीसमोर आणली, आणि बसली. गुडघे जुळवून, हात मांडीवर, छातीवरचा ब्रोच सरळ करून. त्या क्षणी मला ट्रॅक्टरवरून खाली उतरणारी ती मुलगी दिसली.

"रिफत बे," ती म्हणाली, "आता कापा."

रिफत बेंनी माझ्याकडं पाहिलं. "काय, आली का धार?"

"आली, आजोबा."

फीत कापली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. येंगे रडली नाही. तेल तापलंय का बघताना ती जशी बघते, तशी पापणी न हलवता बघत राहिली, आणि सगळ्यांच्या टाळ्या संपल्यावर तिनं एकटीनं टाळ्या वाजवल्या. प्रत्येक टाळीला पीठ उडत होतं.

मेलाहत अब्लाला उठावंच लागलं. मांडीवरच्या ताटातून पाणी गळत होतं आणि पेरिहान हानम तिच्याकडंच बघत होती. आतून गॅसचा भडका, तेलाचा तडतडाट, "या अल्ला!", भांडं आपटल्याचा आवाज. बऱ्याच वेळानं ती प्लेट घेऊन आली. एक चिबोरेक, एका अंगानं काळा, कडेला फाटलेला, पण वाफाळता. इल्कायनं ती प्लेट वाटेतच तिच्या हातून घेतली आणि आईच्या मांडीवर ठेवली.

"खा, आई. गरम आहे."

येंगेनं तो दोन्ही हातांनी उचलला. चावा घेतला. रस हनुवटीवरून निघाला, मनगटावरून कोपरापर्यंत गेला. तिनं चावलं, गिळलं. मग प्लेटकडं बघितलं.

"याला मीठ नाही."

"मी काही केलं नाही हं!" मेलाहत अब्ला झारा उंचावून म्हणाली. "सारण तुझंच आहे!"

"माझं?"

मेलाहत अब्ला झाऱ्याकडं, ओक्ताय लोणच्याच्या बाऊलकडं बघू लागला.

"माझे चिबोरेक असे लागतात?" येंगेनं नवऱ्याला विचारलं.

"असतं थोडं कमी," नुसरेत म्हणाला. "आईला रक्तदाब होता ना. डॉक्टरांनी तिला मीठ..."

"ती गेली तेव्हा इल्काय रांगत होती!"

"तू तसंच करत राहिलीस. आम्हाला वाटलं, तुला असंच आवडतं."

"मला?" येंगेचा आवाज असा चढला, की खिडकीची काच थरथरली असं मी शपथेवर सांगेन. "मी कधी खाल्ला?"

एवढी वर्षं अख्खा मोहल्ला लोणच्याचे तुकडे लावून, खारट ताकाचे घोट घेऊन ते अळणी चिबोरेक घशाखाली उतरवत होता आणि वर म्हणत होता, येंगेच्या हाताची सर नाही! एकाही जिभेला वाटलं नाही, की सांगावं. सांगितलं असतं, तर तिनं चव घेतली असती. चव घेतली असती, तर बसली असती. आणि ती बसली, तर तळणार कोण?

येंगेनं हात पुढं केला. "ओक्ताय, ती मिठाची बाटली आण इकडं."

पोरगं उठून धावलंच. मेलाहत अब्लानं सरकवलेली बाटली त्यानं टेबलाच्या टोकावरून आणून तिच्या हातात दिली. येंगेनं फाटलेल्या कडेतून आत मीठ घातलं, बाटली मांडीवर ठेवली आणि तो चिबोरेक शेवटच्या काळ्या टोकापर्यंत खाल्ला. कोपरावरचा रस रुमालानं पुसला. मग रिकामी प्लेट स्वयंपाकघराच्या दिशेनं धरली.

"मेलाहत अब्ला, दुसरा आणा. आणि तेल नीट तापू द्या आधी. घाई करू नका, मी बसलेय इथं."